मागच्या भिंतीचं माप

रंगकामाचा अंदाज काढायला चंद्रभान कुंभवलीला नर्मदाबाईंच्या घरी आला होता. तीन भिंतींची मापं सरळ मिळाली. मागची भिंत मात्र आधी अकरा फूट भरली, मग बारा, मग तेरा.

त्याला विस्मरणावरच्या गोळ्या लिहून देताना पालघरचे डॉक्टर म्हणाले होते, "हळूहळू आकडेही चुकायला लागतील." आकडे गेले की तीस वर्षांचं काम गेलं.

त्याने टेप नर्मदाबाईंच्या हातात दिली. "ताई, जरा तुम्हीच मोजा."

त्यांनी टेप लावली, वाकून पाहिलं. "चौदा फूट हाय."

चंद्रभान मटकन खाली बसला. त्याचे डोळे भरून आले आणि तो मोठ्याने हसला. डोकं ठिकाणावर होतं त्याचं! भिंतच वाढत होती.

"रंगाचा एक डबा जास्त लागेल, ताई. बाकी काही नाही."

"लागू दे. पन आता मोजू नका," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या. "मोजलं की वाढते ती. दार बघा किती लांब गेलं."

हसतच त्याने वळून पाहिलं. उंबऱ्याबाहेर काढलेल्या त्याच्या चपला बोटाएवढ्या दिसत होत्या.