जाकिटाचं माप

भर चौकात, ऐन गर्दीच्या वेळी स्फोट झाला. एकतीस माणसं गेली आणि तो घडवणारा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा थोरला मुलगा निघाला. स्फोटकं भरलेलं, त्याच्या अंगावरचं बारा खिशांचं जाकीट त्यांनीच शिवलं होतं. प्रवासाला हवंय, म्हणाला होता.

आठवड्याने त्याला या वाटेला लावणारा म्होरक्या सांत्वनाला आला.

"ताई, रडताय काय? पोरगा अमर झाला. असं भाग्य लाखात एकाला मिळतं. आता धाकट्याला न्यायचंय. तसंच जाकीट शिवून ठेवा."

बाई उठल्या आणि त्यांनी टेप म्होरक्याच्याच छातीभोवती गुंडाळली.

"अहो, माझं माप कशाला?"

"एवढं भाग्य भाऊ, दर वेळी लोकांच्याच पोरांना का वाटता?"



बाईंनी आकडा लिहायला पेन्सिल उचलेपर्यंत अमरत्व वाटणारा तो शूर, चपला हातात घेऊन जिना उतरत होता.