सायकलवरची म्हैस

लंकाबाईचा दहावा होता. रामकुंडावर पिंड ठेवून तास उलटला, तरी कावळा शिवेना. तिचं मन कशात अडकलंय, तेच कुणाला कळेना. मुलगा म्हणाला, "आई, आबांना मी जपीन." कावळा भिंतीवरच. नवरा बहिरू म्हणाला, "तुझा मोगरा जगवतो गं, सुखानं जा." कावळा हलेना. तेवढ्यात नात वेदिका म्हणाली, "आजोबा, आमचं गाणं अर्धवट राहिलंय. आजीनं केलं होतं, 'म्हैस निघाली सायकलवर, घंटी बांधली शेपटीवर.' पुढचं मी करायचं होतं." "मग कर की!" बहिरू म्हणाला. वेदिकानं डोळे मिटले, उघडले. "ब्रेक दाबायला हात नाही, गंगेत शिरली म्हैसबाई!" गुरुजींनाही हसू आवरेना. लंकाबाई गेल्यापासून बहिरू पहिल्यांदाच खदखदून हसला. डोळे पुसून पाहतो तर कावळा पिंडावर उतरून भात खात होता. बहिरूनं नातीपुढे हात जोडले.