एक बाजू संपेपर्यंत

टिकलीच्या मागोमाग एक दाढीवाला जिना चढून आला आणि "नमस्कार, मामा," म्हणाला. हा कोण मला मामा म्हणणारा, असं मामांच्या मनात आलं. तोंडाने ते "या, या," म्हणाले.

खाली मामांचं चष्म्याचं दुकान आणि वर ही खोली. खोलीत भिंतभर जुन्या रॉकच्या रेकॉर्ड. भाचीला बास कुठला आणि गिटार कुठली ते मामांनीच शिकवलं होतं, तिला नीट चालताही येत नव्हतं तेव्हापासून.

"मामा, नवीन बँड आहे," टिकलीने पिशवीतून रेकॉर्ड काढली. "कुठल्या कंपनीचा नाही, सगळं स्वतःच करतात. यानेच ऐकवला मला. आज त्यांचा कार्यक्रम आहे, ही ऐकली की तिकडेच जाणार आम्ही."

यानेच! मामांच्या पोटात दुखायला लागलं. आजवर टिकलीला जे काही ऐकवलं, ते मामांनी.

"हल्ली गॅरेज रिकामं असलं की बँड निघतो," ते म्हणाले. "आण इकडे."

खोलीचा नियम होता. रेकॉर्ड वाजवायच्या मशीनला मामांशिवाय कोणी हात लावायचा नाही, आणि एक बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही की उठायचं नाही. टिकलीने तो जिन्यातच सांगितला असावा, कारण दाढीवाला शाळेतल्यासारखा हाताची घडी घालून बसला. मामांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सुई टेकवली.

ड्रम्स जड. गिटार लांबलचक. गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कार्टं, या न्यायाने मामा नावं ठेवायला आधीपासूनच तयार होते, पण कानांनी दगा दिला. ही माणसं घाई करत नव्हती. इतकं दमानं वाजवणारं मामांच्या तरुणपणानंतर कोणी उरलंच नव्हतं. त्यांची मान डोलायला लागली, आणि डोलतेय म्हणून ते आणखी चिडले.

मध्येच दाढीवाला मशीनकडे बोट करून अर्धवट उठला. टिकलीने मनगट धरून त्याला खाली बसवलं. मग तिचा हात तिथेच राहिला. पुढचं गाणं मामांनी ऐकलंच नाही.

बाजू संपली.

"बरा आहे," मामा म्हणाले. एवढं म्हणतानाही त्यांच्या जिवावर आलं. "गायक म्हणजे बाप माणूस. काय भरदार आवाज! आमच्या वेळी असे असायचे."

"हो ना," टिकली जरा जास्तच पटकन म्हणाली. दाढीवाला ओठ आवळून फरशीकडे बघत होता.

मामांनी रेकॉर्ड उचलली आणि चष्मा डोळ्यांवर आणला. मधल्या कागदावर बारीक अक्षरात वेग छापला होता, मिनिटाला पंचेचाळीस फेरे. मशीनचं बटण तेहतीसवर होतं, आणि रेकॉर्ड हळू फिरली की आवाज जाडा होतो. मामांच्या सगळ्या रेकॉर्ड तेहतीसच्या. ते बटण वर्षानुवर्षं कोणी फिरवलंच नव्हतं. त्यांनी कव्हर पाहिलं. माइकसमोर एक काडीपैलवान मुलगी उभी होती.

म्हणजे दोघांनाही कळलं होतं. आणि म्हाताऱ्याची लाज राखायला टिकलीने दाढीवाल्याला गप्प बसवलं होतं. आता त्या दोघांचं मिळून एक गुपित होतं आणि त्यात मामा नव्हते. हसले असते तर बरं, असं त्यांना वाटलं.

"निघतो हं, मामा," टिकलीने पर्स उचलली. "उशीर झाला तर पुढे जागा मिळत नाही."

"बस. दुसरी बाजू राहिलीय."

मामांनी रेकॉर्ड उलटी ठेवली. बोट बटणापर्यंत नेलं, थांबवलं, मागे घेतलं. मग सुई टेकवली.

पुन्हा तोच आवाज, विहिरीतून. टिकलीने आधी बटणाकडे पाहिलं, मग मामांच्या नाकावरच्या चष्म्याकडे. पण बाजू सुरू झाली होती, आणि आता ती संपेपर्यंत कोणाला उठता येणार नव्हतं.