साहेबांचा एकच प्रश्न

"जरा मोठ्यानं बोला वकीलसाहेब, डावा कान मी देशाला देऊन बसलोय," जजसाहेब म्हणाले आणि अख्खं कोर्ट हसलं.

बचावाचा वकील हसला नाही. हा विनोद त्याने वर्षानुवर्षं ऐकला होता. तरुणपणी तो साहेबांच्याच हाताखाली ज्युनिअर होता, तेव्हा प्रत्येक नव्या अशिलासमोर या विनोदाला हसून दाखवणं हे त्याचं कामच होतं. आता साहेब वर बसत होते, हा खाली उभा राहत होता आणि दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

साहेबांची कहाणी शाळेतल्या पोरांनाही पाठ होती. लढाईत तोफगोळा शेजारी फुटला, कानातून रक्त वाहत होतं, तरी त्यांनी चौकी सोडली नाही. शौर्यपदक मिळालं. मानपत्रात त्या कायमच्या बहिऱ्या झालेल्या कानाचा खास उल्लेख होता. पुढे वकिली, मग ही खुर्ची. पदकाची फीत आजही काळ्या कोटावर मिरवत होती.

दरारा मात्र त्या फितीचा नव्हता. दोन्ही बाजूंचं सांगून झालं की साहेब आरोपीला एकच प्रश्न विचारत आणि तो नेमका वर्मी बसे. आरोपीचा चेहरा पडायचा, पुढचं सगळं उरकल्यात जमा. फौजी नजर आहे, लोक कौतुकाने म्हणत. बचावाचे वकील दातओठ खात घरी जात. त्यांचं टेबल साहेबांनी आपल्या डाव्या हाताला, अगदी मंचाला खेटून लावून घेतलं होतं. साक्षीपुरावे चांगल्या कानाला हवेत, असं त्यांचं म्हणणं.

आजचा आरोपी गॅरेजमधला मेकॅनिक होता. मालकाचा खून झाला, तपकिरी कोटातला कुणीतरी पळताना दिसला, कोट काही सापडला नाही. बाकी पुरावा यथातथाच. पण साहेबांच्या मनाने घेतलं तर जन्मठेप ठरलेली. मागच्या बाकावर त्याची बायको तान्ह्या मुलीला घट्ट धरून बसली होती.

"तो कोट आहे कुठे, एवढंच सरकारी वकिलांनी सांगावं!" बचावाचा वकील तावातावाने म्हणाला.

"ओरडू नका. ज्युनिअर होतात तेव्हाही आवाजच तेवढा मोठा होता," साहेब म्हणाले. "डोक्याचं मी काही बोलत नाही."

पुन्हा हशा. वकिलाचे कान लाल झाले. तो टेबलाशी येऊन बसला आणि शेजारी बसलेल्या मेकॅनिककडे वाकला.

"कोट बहिणीच्या माळ्यावर आहे ना?" तो कुजबुजला. "मग तोंड मिटून गप्प बस. तिथे कुणी शोधायला जात नाही."

मेकॅनिक चक्रावून बघत राहिला. त्याने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात वकिलाने टेबलाखाली त्याचा पाय करकचून दाबला.

सरकारी वकिलांचं भाषण लांबलचक होतं. साहेब डोळे मिटून, उजवा कान पुढे करून ऐकत राहिले. भाषण संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि आरोपीला उभं केलं.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "तुझ्या बहिणीच्या माळ्यावर तू काय लपवून ठेवलंयस?"

सरकारी वकील गडबडीने कागद चाळू लागले, कारण हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. मेकॅनिक गोंधळून आपल्या वकिलाकडे बघू लागला. साहेब खुर्चीत मागे रेलले.

बचावाचा वकील सावकाश उठला. या वेळी त्याने आवाज मुळीच चढवला नाही.

"साहेबांचा प्रश्न शब्दन् शब्द नोंदवून घ्या," तो लघुलेखकाला म्हणाला. "आणि त्याखाली लिहा, माझ्या अशिलाला बहीणच नाही."