मामीचं वाय-फाय

आकानिसी मामीच्या कॉम्प्युटरला नेट मिळेना. सिडनीहून नवी नात व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदाच दिसणार होती, म्हणून फिजीच्या राजधानीतून, सुवाहून, सुट्टीला गावी आलेल्या भाच्याला, म्हणजे मला, तिनं कामाला जुंपलं.

वायर बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी राउटरच तपासला.

"मामी, हा मोजक्याच मोबाइल-कॉम्प्युटरना नेटचा पत्ता देतो आणि सगळे पत्ते वाटून संपलेत. पासवर्ड गावभर दिलास की काय?"

"छे रे! फक्त नातेवाईकांना."

बाहेर झाडाखाली अख्खं गाव मोबाइलमध्ये मान घालून बसलं होतं.

"मग एकाला तरी बंद करायला सांग."

"आपल्या माणसाला नाही म्हणू? सुवात राहून हेच शिकलास?"


मी गुपचूप खिशातला माझा मोबाइल बंद केला, आणि पडद्यावर नात जांभई देत अवतरली.