खोडलेलं ‘ज्यामुळे’

इद्वलने चाळीस वर्षांपूर्वीची इंग्रजीची वही त्याच्या तेव्हाच्या शिक्षिका प्रॉसरबाईंच्या मांडीवर ठेवली. निबंधाचा विषय होता ‘माझे वडील’. नऊ वर्षांच्या इद्वलने लिहिले होते, ‘वडील खाणीत पाटीचा दगड कापतात, ज्यामुळे ते सतत खोकतात.’ वेल्श बोलणाऱ्या त्या वर्गात ‘ज्यामुळे’ने कारण आणि परिणाम इंग्रजीत जोडणे एकट्या त्यालाच साधले होते. बाईंनी मात्र ‘ज्यामुळे’ लाल शाईने खोडून वर ‘आणि’ लिहिले होते.

“खाण कंपनीचे डॉक्टर अजून ‘आणि’च म्हणतात,” इद्वल म्हणाला. “दगड कापायचे आणि खोकायचे. उकळलेला चहा फार प्यायचे, त्यानंच गेले म्हणे. उद्या खाणीतल्या धुळीची चौकशी करणाऱ्या समितीपुढं ही वही ठेवायचीय, पण हा लाल शेरा बघून हसतील सगळे. बाई, खरं सांगा, माझं व्याकरण चुकलं होतं?”

बाई पानावरच्या निळ्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. “दौत सांडल्याशिवाय तुझा एक निबंध पुरा व्हायचा नाही, बाळा. आणि वर हसायचास.”

“तुम्हीही हसायचात, बाई.”

त्यांनी टेबलावरचे लाल पेन मागून घेतले. जुन्या शेऱ्याखाली, फळ्यावर लिहीत तशाच उभ्या, सुट्या अक्षरांत एक वाक्य लिहून त्यांनी पूर्ण नावाची सही केली:

‘शाळा खाणमालकाच्या पैशावर चालत होती, ज्यामुळे मी हे बरोबर वाक्य खोडले.’