आवडता भाग

‘टिंग’ करून टीव्ही चालू झाला आणि दुपारची शांतता मोडली.

"हे कडं घाल. तुला मनातून जे बघावंसं वाटतं, त्याचीच मालिका टीव्ही रचेल," वृषाली पाच वर्षांच्या ओवीला म्हणाली. "सशांची लागली तर सगळे भाग एकदम बघू हं." नवऱ्याने सकाळी फोडलेल्या ओठावर ती बर्फ धरून बसली.

पडद्यावर त्यांचंच स्वयंपाकघर आलं. ओवीच्या बाबांसारखा चौकड्यांचा शर्ट घातलेल्या माणसाने हात उगारला. समोरच्या बाईने वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. रक्त ओट्याखाली वाहत गेलं.

वृषालीने घाईघाईने ओवीचं कडं ओढलं.

"असू दे ना, हा माझा आवडता भाग आहे." ओवीने आईच्या ओठावर हळूच फुंकर घातली. "आई, आपल्या घरी हा भाग कधी लागणार?"